बटरक्रीम गुळगुळीत होत नाही? मुंबईच्या हवेत आधी काय तपासायचं, नंतर काय

घरच्या केकवर बटरक्रीम गुळगुळीत बसत नाही, ही तक्रार माझ्याकडे वर्षभर येते आणि होळी झाली की वाढते. मजल्यावरच्या मुली, बहिणीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, मुलाच्या वर्गातल्या मुलांच्या आया. फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "हातच बसत नाहीये." फोटो बघितला की बहुतेक वेळा कळतं, हाताचा दोष नाही. केक गरम आहे, बटर वितळायच्या बेतात आहे, साखर जाड आहे, नाहीतर क्रीममध्ये हवा भरून राहिली आहे. यातलं काहीही असेल तर मुरलेल्या हातालाही ते क्रीम सरळ करता येणार नाही. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा ठेवलाय: जे फुकट आणि दोन मिनिटांत तपासून होतं ते आधी, पैसे आणि मेहनत लागणारं नंतर. नवा स्क्रेपर (क्रीम सरळ करायची पट्टी) किंवा टर्नटेबल (केक ठेवून फिरवायचं ताट) घ्यायच्या आधी निम्म्या यादीपर्यंत तरी या.

मी साध्या बटरक्रीमबद्दल बोलतेय, म्हणजे बटर आणि आयसिंग शुगर फेटून केलेलं, बिनअंड्याचं. २५० ग्रॅम बटरला ४५० ते ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, आणि दूध लागलंच तर एखाद-दोन चमचे. एवढ्यात ६ इंची, ३ थरांचा केक आतून-बाहेरून होतो. कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या केकशी तुलना करू नका. तिथे बहुधा वनस्पती तेलापासूनचं व्हिप्ड क्रीम वापरतात. ते हलकं असतं, वेगळं वागतं आणि त्याचे नियम इथे लागू पडत नाहीत.

लक्षणं

आधी केक खिडकीपाशी न्या आणि उजेड बाजूने पडेल असा ठेवा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली निम्मे दोष दिसतच नाहीत. मग यातलं नेमकं काय आहे ते ठरवा.

टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, आणि स्क्रेपर फिरवला की एक बुजतं, शेजारी दुसरं उघडतं. क्रीममध्ये हवा आहे. चौथी तपासणी बघा.

आडव्या रेघा. दर फेरीला रेघ त्याच उंचीवर येत असेल तर स्क्रेपरच्या कडेला खाच आहे किंवा क्रीम वाळून चिकटलंय. रेघ दर वेळी वेगळ्या जागी येते आणि तिच्या टोकाला कण दिसतो, तर ती साखरेची गुठळी किंवा केकचा चुरा.

क्रीम चमकतंय, तेलकट दिसतंय, बाजू हळूहळू खाली उतरून बोर्डावर जमा होतेय. गरमी. मार्च ते जून आणि ऑक्टोबरमध्ये मला येणारे बहुतेक फोटो याचेच असतात.

क्रीम ओढलं जातं, फाटतं, मागे केक उघडा पडतो. क्रीम फार घट्ट आहे किंवा केक फार गार.

क्रीम कणीदार दिसतंय, भांड्याच्या तळाशी पाणी सुटलंय. बटर आणि बाकीच्या जिनसांचं तापमान जुळलेलं नाही, किंवा पाण्याचा अंश जास्त झालाय.

रात्री केक सरळ होता, सकाळी त्याच्या पोटावर कडं आलंय किंवा एका बाजूला फुगा. थर बसलेले नव्हते.

फ्रीजमधून काढल्यावर थेंब. हा बहुतेक वेळा दोष नसतोच, पण घाबरून पुसायला गेलं की होतो. त्याबद्दल पुढे.

पहिली तपासणी: बटरवर बोट दाबा

परदेशी रेसिपीत बटर "रूम टेंपरेचर"ला घ्या म्हणतात, तेव्हा त्यांची खोली १८ ते २१ अंशांची असते. आपलं स्वयंपाकघर मे महिन्यात ३२-३३ अंशांना असतं. ओट्यावर तासभर ठेवलेलं बटर इथे मऊ होत नाही, ते सुटतं. बटरमधली चरबी बारीक स्फटिकांच्या रूपात असते आणि ते स्फटिकच पाणी आणि हवा धरून ठेवतात. विशीच्या पुढे तापमान चढत गेलं की ते एकेक करून विरघळू लागतात, आणि ३२ ते ३५ अंशांना बटर पूर्ण पातळ होतं. म्हणजे उन्हाळ्यातली आपली हवाच त्याच्या वितळण्याच्या उंबरठ्यावर असते.

म्हणून फ्रीजमधून काढलेल्या बटरचे चौकोनी तुकडे करा आणि उन्हाळ्यात १० मिनिटं, जानेवारीत २० मिनिटं बाहेर ठेवा. मग बोट दाबा. खड्डा स्वच्छ उमटला पाहिजे, त्याच्या कडा तशाच उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि बोट वर काढल्यावर त्याला तेलाची चमक दिसता कामा नये. बोट सहज आत गेलं किंवा कागदाच्या कोपऱ्यात पिवळी ओल दिसली तर वेळ टळलीये. परत १० मिनिटं फ्रीजमध्ये. सुईचा थर्मामीटर असेल तर फेटायला सुरुवात करताना १८ ते २० आणि केकवर लावताना २१ ते २३ अंश हवेत. फेटण्यानेही क्रीम तापतं, ते दोन-तीन अंश आधीच हिशेबात धरा.

मायक्रोवेव्हमध्ये तळाशी थारोळं झालेलं बटर बटरक्रीमसाठी घेऊ नका. ते पुन्हा गार केलं तरी स्फटिक पहिल्यासारखे बारीक बसत नाहीत, क्रीम रवाळ होतं. ते स्पंजमध्ये वापरा.

केलेलं क्रीम सैल झालं असेल तर त्यात साखर वाढवू नका. इथेच सगळे फसतात. खालच्या मजल्यावरची मुलगी मे महिन्यात धावत वर आली. "काकू, क्रीम घसरतंय. अजून साखर घालू की मिल्क पावडर?" मी म्हटलं, "काही घालू नकोस. भांडं १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेव, मग उलथन्याने कडेचं मध्ये घेत हलव, आणि मग मला सांग." कडेचं मध्ये घ्यायचं कारण, क्रीम भांड्याच्या भिंतीपाशी आधी गोठतं आणि मधलं सैलच राहतं, तसंच लावलं तर गोळे येतात. थोड्या वेळाने तिचा फोन आला तो थेट तयार केकच्या फोटोसकट. साखर वाढवली असती तर क्रीम घशात अडकेल इतकं गोड झालं असतं आणि तरीही घसरलंच असतं, कारण साखर वितळलेल्या चरबीला उभं करू शकत नाही.

फ्रीजला थांबायला वेळ नसेल तर परातीत बर्फाचं पाणी घ्या आणि भांड्याचा तळ त्यात अर्धं मिनिट टेकवून सतत हलवा. अर्धं मिनिटच. जास्त वेळ टेकवलंत तर तळ दगड होतो.

उलट बाजू: क्रीम कणीदार झालंय, पाणी सुटलंय. बहुतेक वेळा यात गार दूध किंवा फ्रीजमधला जॅम थेट पडलेला असतो. दोन चमचे क्रीम वाटीत काढून मायक्रोवेव्हमध्ये ८-१० सेकंद मऊ करा, परत मोठ्या भांड्यात घालून मंद फेटा. जुळून येतं.

दुसरी: केक कुठे ठेवून सजवताय

शेजारच्या शेगडीवर कुकर आहे का? ओव्हन आत्ताच बंद केलाय आणि केक त्याच्या डोक्यावर ठेवलाय का? ओट्याचा दगड तापलेला असतो, हात लावून बघा. ही तपासणी फुकट आहे आणि तिने जितके केक वाचलेत तितके महागड्या अवजारांनी वाचलेले मी पाहिले नाहीत.

ज्या घरात एसी आहे तिथे तो बहुधा बेडरूममध्ये असतो. मग स्वयंपाकघराचा हट्ट सोडा. घडीचं टेबल बेडरूममध्ये मांडा, एसी २२ वर अर्धा तास आधी लावा, पलंगावर चादर टाका आणि तिथेच आयसिंग करा. एसी नसेल तर वेळ बदला: रात्रीचा स्वयंपाक आवरून घर निवल्यावर किंवा पहाटे. पंख्याने काम होत नाही. पंखा घामेजलेल्या माणसाला गार करतो. केकवर तो तीच ३२ अंशांची हवा फिरवतो आणि शिवाय क्रीमवर कुठे सुकी, कुठे ओली अशी साय धरवतो.

एकावेळी ७-८ मिनिटं काम करा, मग केक फ्रीजमध्ये. मुंबईत बटरक्रीम सलग बसून करायचं काम नाही. जे टप्प्याटप्प्याने करतात त्यांचे केक सरळ येतात.

तिसरी: साखर

वाण्याकडची किंवा घरी मिक्सरवर केलेली पिठीसाखर आणि आयसिंग शुगर एक नाहीत. पिठीसाखर नानकटाईला, लाडवाला उत्तम. तिचा कण बटरक्रीमला जाड पडतो. आयसिंग शुगर फार बारीक असते आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात थोडा कॉर्नफ्लोअर असतो. चिमूट दोन बोटांत चोळा. खरखर जाणवली तर ती क्रीमवरही दिसणार. आणि ती फेटून जात नाही: बटरमध्ये पाणी कमी असतं, साखर त्यात पूर्ण विरघळत नाही, जाड कण जाडच राहतो.

आयसिंग शुगर असली तरी पावसाळ्यात ती चाळल्याशिवाय घालू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, उघडं पाकीट दोन दिवसांत गोळे धरतं. मैद्याच्या चाळणीतून दोनदा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ. पाकीट फोडलं की उरलेली साखर घट्ट झाकणाच्या डब्यात जाऊ द्या.

चौथी: हवा काढा

छिद्रांची तक्रार घेऊन येणाऱ्यांनी क्रीम मनापासून फेटलेलं असतं, आणि तेच कारण असतं. बटर सुरुवातीला ४-५ मिनिटं जोरात फेटायचं, त्याने रंग फिकट होतो, पोत हलका होतो. हे बरोबर आहे. पण साखर मिसळल्यानंतरही जोरातच फेटत राहिलात तर मोठे बुडबुडे आत अडकतात आणि स्क्रेपर ते एकेक फोडत जातो.

शेवटची ३ मिनिटं सर्वांत कमी वेगावर द्या. स्टँड मिक्सर असेल तर तारांचा व्हिस्क काढून चपटा बीटर लावा आणि भांड्यात क्रीम इतकं हवं की बीटर बुडून राहील; अर्धवट बाहेर असला तर प्रत्येक फेरीत हवा आत ओढतो. बहुतेकांकडे हँड बीटर असतो, त्याला ताराच येतात. मग मशीन बंद करा आणि रबरी उलथनं घ्या. थोडं थोडं क्रीम भांड्याच्या भिंतीवर दाबत पसरवा, खरवडून गोळा करा, परत दाबा. सुरुवातीला चट् चट् असा बारीक आवाज येतो, तो बुडबुडे फुटल्याचा. दोन-तीन मिनिटांत आवाज थांबतो आणि क्रीमवर उलथन्याची वाट एकसंध, छिद्राशिवाय दिसू लागते. हे दिसेपर्यंत केकला हात लावू नका. हात दुखतो, खरं आहे, पण याला पर्याय नाही. काल केलेलं क्रीम फ्रीजमधून काढून वापरत असाल तर ते मऊ झाल्यावरही हेच परत करावं लागतं.

मिक्सरच्या भांड्यात, म्हणजे चटणीच्या, हे करू नका. पात्याने बटर तापतं आणि वितळतं.

पाचवी: केकच तयार आहे का

वरून गार लागलेला केक आतून कोमट असू शकतो. जाळीवर निदान २ तास, मग गुंडाळून फ्रीजमध्ये अजून तासभर. थर कापायचे ते गार झाल्यावरच, करवती दातांच्या सुरीने. कापल्यावर कोरड्या ब्रशने चुरा झटका. कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा स्पंज ताजा असताना फार भुसभुशीत असतो, त्याला रात्रभराचा फ्रीज मानवतो.

पण फ्रीझरमध्ये टणक केलेला केक थेट घेऊ नका. त्याच्यावर लावलेलं क्रीम क्षणात गोठतं, स्क्रेपर अडखळतो, आणि नंतर केक नॉर्मलला येताना आतली हवा फुगून बाजूला फुगा धरतो.

साखरेच्या पाण्याचाही हिशेब ठेवा. व्हिप्ड क्रीमच्या केकला चिंब भिजवायची सवय असते. बटरक्रीमच्या केकला ब्रशने एक हात पुरे. जास्त झालेलं पाणी खाली झिरपतं, क्रीम आणि केकच्या मध्ये येतं आणि क्रीमची भिंत सबंधच्या सबंध सुटते.

सहावी: पहिला पातळ हात, आणि थर बसवणं

क्रम्ब कोट वगळून वेळ वाचत नाही. या पहिल्या हाताचं काम चुरा जागच्या जागी पकडून ठेवण्याचं आहे, दिसण्याचं नाही. त्यासाठी क्रीम वेगळ्या वाटीत काढा. केकवरून खरवडलेलं क्रीम त्याच वाटीत जाईल, मोठ्या भांड्यात नाही. एकदा चुरा मोठ्या भांड्यात गेला की तो बाहेर काढता येत नाही. केक आरपार दिसेल इतका पातळ हात मारा, थरांमधल्या फटी बुजवा, आणि २० ते ३० मिनिटं फ्रीजमध्ये. बोट लावलं तर बोटाला क्रीम लागता कामा नये.

सकाळी येणाऱ्या कड्याचं मूळ त्याही आधी असतं. थर रचले की वरचं वजन आतलं सारण दाबतं, ते बाहेर येऊ बघतं. म्हणून सारण भरल्यावर केक प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळा, वर एक हलकी ताटली ठेवा आणि दोन-तीन तास, जमलं तर रात्रभर फ्रीजमध्ये बसू द्या. बाहेर आलेलं कापून टाका, मग क्रम्ब कोट.

आंब्याच्या दिवसांत हे दुप्पट महत्त्वाचं. हापूसचा रस थेट सारणात घातला तर थर सरकणार, बटरक्रीममध्ये घातला तर क्रीम फुटणार, कारण रसात पाणी भरपूर. रस कढईत आटवून निम्म्याहून कमी करा, पूर्ण गार करा. आणि प्रत्येक थराच्या कडेने घट्ट बटरक्रीमची बोटभर जाड गोल भिंत घालून सारण तिच्या आत भरा.

फुगा आलाच असेल तर स्वच्छ टाचणीने त्याच्या वरच्या बाजूला भोक पाडा, बोटाने हलके दाबून हवा काढा, वरून क्रीमचा ठिपका देऊन सरळ करा.

सातवी: अवजारं आणि हात

आता स्क्रेपर. त्याची कड खिडकीच्या काचेला टेकवा आणि मधून उजेड दिसतो का बघा. प्लास्टिकचे स्क्रेपर गरम पाण्याने धुऊन धुऊन वाकतात. उजेड दिसला तर तो बाद. स्टीलचा घ्यायचा तर क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे महात्मा फुले मंडईच्या परिसरात, केकच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे हातात घेऊन, कड डोळ्यासमोर धरून निवडा. तोवर १२ इंची स्टीलची पट्टी, नवी आणि स्वच्छ घासलेली, तितकंच काम करते.

केक बोर्ड टर्नटेबलच्या बरोबर मध्यावर आहे का, ते रिकामी फेरी मारून बघा. बोर्ड सरकत असेल तर खाली ओलं फडकं.

लावताना कंजूषपणा करू नका. गिलावा करणारा गवंडी आधी जास्त माल थापतो आणि मग पट्टीने काढून घेतो, इथेही तेच. हवा त्याच्या दुप्पट जाड क्रीम लावा. स्क्रेपर बोर्डवर काटकोनात टेकवा, त्याची पाती केकशी थोडी तिरकी, तुमच्याकडे उघडणारी. मग स्क्रेपरचा हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने टर्नटेबल फिरवा, शक्यतो एक पूर्ण फेरी न थांबता. जिथे थांबाल तिथे रेघ येते. प्रत्येक फेरीनंतर कड कोरड्या फडक्याने पुसा. खड्डा राहिला तर दाबून भरत नाही. त्यावर क्रीम घालायचं आणि परत फिरवायचं. बाजूचं क्रीम वरच्या कडेच्या थोडं वर येऊ द्या, आणि ती कड बाहेरून आत, मध्याकडे ओढत कापा. आतून बाहेर ओढलीत तर कोपरा गोल होतो.

केक २० मिनिटं गार केल्यावर शेवटची फेरी गरम स्क्रेपरने. गरम पाण्यात बुडवा, पूर्ण कोरडा पुसा, एकच फेरी. सैल क्रीमवर हे केलंत तर होतं नव्हतं ते वितळेल.

कागद ठेवून हाताने गुळगुळीत करण्याची युक्ती व्हिडिओत दिसते. ती क्रीमवर कोरडी साय धरल्यावर चालते. पावसाळ्यात एसीशिवाय ती साय धरतच नाही आणि कागद क्रीम घेऊन वर येतो. एसीच्या खोलीत करून बघायला हरकत नाही.

रंग जेलचा वापरा, पाण्याचा नको. एवढंच.

आठवी: बटर आणि रेसिपी बदलणं

इथपर्यंत सगळं ठीक असूनही क्रीम टिकत नसेल तर पाकिटावरचं नाव वाचा. "टेबल बटर" असेल तर नियमाने त्यात किमान ८० टक्के दुधाची चरबी आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असतं. त्याच कप्प्यात "फॅट स्प्रेड"चे डबे असतात, त्यात चरबी कमी आणि पाणी जास्त. त्याचं बटरक्रीम उभं राहत नाही. घरच्या सायीचं लोणी चालेल का, हे दर वेळी विचारलं जातं. चव सुंदर, पण त्यात ताकाचा अंश किती राहिलाय हे दर वेळी वेगळं, आणि तेच क्रीम फोडतं. ते लोणी कढवून तूप करा. बटर फ्रीजमध्ये बंद डब्यात ठेवा. लसणाची चटणी किंवा सुके बोंबील शेजारी असतील तर त्यांचा वास ते पटकन धरतं आणि केकमध्ये तो लपत नाही.

उन्हाळ्यासाठी एक तृतीयांश बटरऐवजी बेकिंगचं शॉर्टनिंग, म्हणजे घट्ट वनस्पती चरबी, घ्या. त्याचा वितळणबिंदू बटरपेक्षा वर असतो म्हणून क्रीम जास्त वेळ उभं राहतं. चवीला थोडा फटका बसतो, आणि अख्ख्याने केलं तर टाळूला मेण लागतं, त्यामुळे एक तृतीयांशाच्या पुढे मी जात नाही. दुसरा मार्ग, बाहेरून व्हाइट चॉकलेट गनाश: ३ भाग चॉकलेटला १ भाग फ्रेश क्रीम. खर्च वाढतो, पण कडा धारदार येतात. अंड्याच्या पांढऱ्याचं स्विस मेरिंग बटरक्रीम सर्वांत रेशमी होतं, मात्र पांढरं आणि साखर वाफेवर ७१ अंशांपर्यंत नेणं आणि बटर घालण्याआधी मिश्रण २५ अंशांखाली आणणं, दोन्ही थर्मामीटरने बघावं लागतं. आपल्या खोलीत ते आपोआप २५ च्या खाली येत नाही, बर्फ लागतो. पहिल्यांदा करणार असाल तर वाढदिवसाच्या आदल्या रात्री करू नका.

थेंब आले तर

जुलैत मुंबईच्या हवेत इतकी वाफ असते की २४-२५ अंशांपेक्षा गार कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. फ्रीजमधला केक ५ अंशांचा. त्यावर थेंब येणारच. पुसू नका, बोट लावू नका, टिश्यू टेकवू नका. डाग पडतात ते त्यानेच. केक खोक्यात बंद ठेवूनच बाहेर काढा म्हणजे पाणी खोक्यावर धरेल, आणि अर्ध्या-पाऊण तासाने खोकं उघडा. न्यायचा असेल तर २ तास चांगला गार करून, रिक्षात मांडीवर न ठेवता पायापाशी सपाट. लोकलने न्यायचा तर गर्दीच्या वेळा टाळून.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मिक्सरच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, जळका वास येत असेल किंवा तो मंद वेगावर थांबून थांबून चालत असेल, तर प्लग काढा. वायरमन किंवा मिक्सर दुरुस्त करणारा बघेल. "एवढा केक होऊ दे, मग बघू" नको.

फ्रीजच्या मधल्या खणात पाण्याचा ग्लास रात्रभर ठेवा आणि सकाळी थर्मामीटर घाला. ५ अंशांच्या बरंच वर दाखवत असेल तर डायल वाढवून बघा, दाराचं रबर नीट बसतंय का बघा, आणि तरीही फरक नसेल तर मेकॅनिकला फोन करा. असा फ्रीज ३० मिनिटांत क्रम्ब कोट पकडत नाही आणि त्यात ठेवलेलं क्रीमही सुरक्षित नाही.

क्रीमला आंबट किंवा खवट वास आला, किंवा अंड्याचं क्रीम रात्रभर बाहेर राहिलं, तर दुरुस्ती नाही. टाकून द्या.

एप्रिल-मेमध्ये उघड्या लॉनवरचं किंवा गच्चीवरचं कार्य असेल, किंवा दोन-तीन मजली केक हवा असेल, तर अनुभवी केकवाल्यांना द्या. मजल्यांना आतून आधाराच्या काड्या आणि बोर्ड लागतात, वजन चुकलं तर केक जागेवर कोसळतो, आणि ३३ अंशांत उघड्यावर बटरक्रीम तासभरही सरळ राहत नाही. ऑर्डर देताना डिझाइनच्या आधी त्यांना तीन गोष्टी सांगा: जागा एसी आहे की उघडी, केक टेबलावर किती वाजता मांडणार आणि नक्की कापणार किती वाजता. कोणत्या क्रीमने करायचा ते त्यावरून त्यांना ठरवू द्या.